फ्रिजच्या तारेची पूजा

पालघर जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांत लसींचे फ्रिज असतात, पेटीसारखे, वरून झाकण उघडायचे. त्यांच्यावर नजर ठेवणारी यंत्रं बसवायची आणि सांभाळायची, ही माझी नोकरी. यंत्र म्हणजे भिंतीवर टांगलेला पांढरा डबा, आत सिमकार्ड. डब्यातून निघालेली बारीक तार फ्रिजमध्ये सोडलेली असायची आणि तिच्या टोकाला आतलं तापमान कळायचं. ते दोन अंशांच्या खाली किंवा आठच्या वर गेलं की एक मेसेज मला आणि एक जिल्ह्याच्या कार्यालयातल्या मॅडमना. चिंचणीपासून अच्छाडपर्यंतचे सगळे डबे माझ्या मोबाइलवर हिरव्या ठिपक्यांसारखे दिसत. अच्छाडकडचा एक ठिपका अधूनमधून गुजरातच्या टॉवरला लागून गायब व्हायचा आणि मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचो. बाकी सगळं हिरवं असलं की मला जेवण गोड लागायचं. खोटं कशाला बोलू, ती नोकरी मला फार आवडायची.

मी जरा बडबड्याच. चार माणसं समोर उभी राहिली की मला भाषण सुचतं. तलासरीकडच्या एका केंद्रात यंत्र बसवलं तेव्हा नर्सबाई होत्या आणि रोजंदारीवर झाडलोट, धुणंपुसणं करणाऱ्या एक मावशी होत्या. मी तारेचं टोक वर धरून म्हटलं, "डबा नुसता बोलतो. खरं यंत्र म्हणजे हे टोक. याला जपा." मावशींनी ते टोक ओंजळीत घेऊन नीट पाहिलं. ते फ्रिजबाहेर काढायचं नाही, हे साधं वाक्य मात्र माझ्या भाषणात राहून गेलं.

पुढे दसरा आला. मी डहाणूला घरी दाराला तोरण बांधत होतो आणि मोबाइल वाजला. त्या केंद्राचा फ्रिज एकतीस अंशांवर. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. नर्सबाईंचा फोन लागेना. एवढ्यात मॅडमचाच आला. लस बाजूला काढून ठेवा, काय झालं ते पाहून कोणामुळे झालं ते लेखी द्या, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्यांच्या शांतपणाची मला जास्त भीती वाटायची. हातातली झेंडूची माळ तशीच टाकून मी मोटरसायकलला किक मारली. रस्ताभर मी संतापलेलो होतो आणि कोणाला काय सुनवायचं ते घोकत होतो.

पोचलो तर केंद्रात उदबत्तीचा वास. वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र, निर्जंतुक करायचा कुकर, सगळ्यांना हळदीकुंकू. भिंतीवरच्या डब्याला हार. आणि फ्रिजच्या झाकणावर स्टीलचं ताट, ताटात नारळ, नारळाशेजारी आंघोळ घालून, पुसून, कुंकू लावून ठेवलेलं माझ्या तारेचं टोक. जवळच समई तेवत होती. एकतीस अंश कुठून आले ते कळलं. घोकलेलं सगळं वाया गेलं, कारण खरं यंत्र कुठलं ते मीच सांगितलं होतं.

मावशी कोपऱ्यात उभ्या होत्या. नर्सबाई पाड्यावर बाळंतिणीकडे गेल्या होत्या. मी झाकण उघडलं. आत टांगलेला जुना साधा थर्मामीटर चार अंश दाखवत होता. लसीच्या बाटल्यांवर एक छोटा चौकोन असतो, उष्णता लागली की तो काळवंडतो. एकेक बाटली पाहिली, सगळे चौकोन पांढरे. तार काढून झाकण लगेच लावलं का, म्हणून विचारलं. मावशी म्हणाल्या, लगेच लावलं आणि वर ताटही ठेवलं, म्हणजे कोणी उघडणार नाही. मला हायसं वाटलं. लस वाचली होती.

आता लेखी द्यायचं होतं. रोजंदारीच्या माणसाला काढायला नोटीसही लागत नाही. उद्यापासून येऊ नको, एवढं म्हटलं की झालं. म्हणून मी टेबलाशी बसून अहवाल लिहिला तो असा: तार बाहेर काढू नये ही सूचना देण्याचे माझ्याकडून राहून गेले, त्यामुळे एका कर्मचाऱ्याकडून अनवधानाने ती काढली गेली, लस सुरक्षित आहे. मग मी तो मावशींना मोठ्यानं वाचून दाखवला. त्या आभार मानतील अशी माझी समजूत होती. तुमचं नाव मुद्दाम घातलं नाही, असंही वर सांगितलं.

मावशी कोपऱ्यातून टेबलापाशी आल्या. मग म्हणाल्या, "तार मी काढली. झाकण पण मीच लावला. अकरा वरसं झाली इथं, एका कागदावर माझा नाव नाय. चांगल्याला नाय, वाईटाला पण नाय."

मी म्हटलं, काढून टाकतील तुम्हाला. त्या म्हणाल्या, "काढतील तर काढतील. भाऊ, तुमी नाव लिवा."

मला लाज वाटली, स्वतःच्याच मोठेपणाची. मी दुसरा कागद घेतला. माझी चूक पहिल्या ओळीत ठेवली. खाली त्यांचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव लिहिलं. पुढे लिहिलं: तार पूजेसाठी त्यांनी बाहेर काढली, आणि झाकण तत्काळ बंद करून त्यावर पहारा ठेवल्याने संपूर्ण लस त्यांच्यामुळेच वाचली. हे वाचून दाखवल्यावर मावशींनी आपल्या नावाच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि पाठवायला सांगितलं. कागदाचा फोटो मी तिथूनच मॅडमना पाठवला.

पुढचा आठवडा मी त्या केंद्राचा ठिपका नुसता बघत राहिलो. तो हिरवाच होता, पण मावशींचं काय झालं हे त्याला सांगता येत नव्हतं. मग जिल्ह्याच्या कार्यालयातून मॅडमचं पत्र आलं. लस वापरण्यास हरकत नाही, मला सक्त ताकीद, आणि तार जागेवर आहे की नाही हे रोज सकाळी पाहून वहीत सही करायची जबाबदारी मावशींकडे. पत्राच्या तळाशी 'प्रत माहितीसाठी' असं लिहून त्याखाली त्यांचं पूर्ण नाव टाइप केलेलं होतं.

ती प्रत द्यायला मी स्वतः गेलो. मावशींनी ओले हात पदराला पुसले, कागद घेतला, तळाची ओळ शोधली. मग कागदाची दुहेरी घडी घातली, घरी नेऊन रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवते म्हणाल्या, आणि वहीत सही करायला फ्रिजकडे गेल्या.