अप्पांचा डोळा आणि माझं भिंग

सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन डॉक्टरीणबाईंनी उत्तम केलं होतं. ते मी आठ दिवसांनी, घरबसल्या, बायकोच्या नेलफाइलने बिघडवलं.

माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. (वीणा, म्हणजे बायको, याला ‘किडे करणं’ म्हणते.) नोकरीसाठी नाशिकहून म्हैसूरला आलो, इथल्याच एका जुन्या मराठी घरचा जावई झालो, त्याला वीस वर्षं होऊन गेली, पण मी उघडलेली वस्तू पूर्वीसारखी बंद झाल्याचं एकही उदाहरण घरात नाही. यंदा पाळी कॅमेऱ्याची आली. गेले काही महिने त्याच्या डोळा लावायच्या खिडकीतून सगळं बारीक आणि अंधूक दिसत होतं. गावाबाहेर येलवालच्या वाटेवर तासभर दबा धरून बगळा टिपावा, तर घरी आल्यावर कळे, ती प्लॅस्टिकची पिशवी होती. कॅमेरा म्हातारा झाला, असं मी जाहीर केलं आणि त्या खिडकीवर बसवायचं एक भिंग मागवलं.

भिंग आलं, पण ते दुसऱ्याच जातीच्या कॅमेऱ्याचं निघालं. त्याचे दोन कान आमच्या कॅमेऱ्याच्या खाचेपेक्षा केसभर मोठे. ते परत पाठवणं मला शोभलं नसतं. मी नेलफाइल घेतली. एक कान घासला, दुसरा घासला, दुसरा जास्त घासला गेला म्हणून पहिला पुन्हा घासला. दोन संध्याकाळींनंतर भिंग खाचेत इतकं अलगद गेलं, की तितकंच अलगद बाहेर पडलं. मग चटकन चिकटणाऱ्या गोंदाचा एकच थेंब लावला. तो थेंब भिंगाखालून सरकत शेजारच्या बारीक चाकात जाऊन बसला. हे चाक ज्याने त्याने आपल्या नजरेप्रमाणे फिरवायचं असतं. मी ते माझ्यासाठी अगदी टोकापर्यंत फिरवलेलं होतं, तिथेच ते कायमचं झालं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. समोरच्या गच्चीवरच्या दोरीचे चिमटेसुद्धा आता मोजता येत होते.

आता अप्पा, म्हणजे माझे सासरे. त्यांच्या घरी पूर्वी कापड रंगवायचं काम चाले. त्यांनी स्वतः चाळीस वर्षं साड्यांच्या दुकानात काढली. निळ्याच्या सगळ्या छटा त्यांना नावानिशी ठाऊक. त्या माणसाने मोतीबिंदूपायी मोरपंखी साडीला राखाडी म्हटलं, तरी तीन वर्षं ऑपरेशनला नाही म्हणजे नाही. शेवटी मी त्यांच्याजवळ बसून भाषण दिलं.

“दहा मिनिटांचं काम, मामा. मुंगी चावल्यासारखं.”

“केवढी मुंगी?” अप्पांनी विचारलं.

मी मोठ्याने हसलो. मोठ्या माणसांनी असं घाबरायचं नसतं, असंही म्हणालो.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि अप्पा आमच्या घरभर फिरू लागले. “ही बादली निळी होय? अय्यो, मी तर मळकी समजून सुम्ने, गप्प बसलो होतो की,” म्हणाले आणि न्हाणीघराच्या दारात बराच वेळ त्या बादलीकडे बघत राहिले. मला खरंच भरून आलं. दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या मंगळवारची होती.

शनिवारी सकाळी मी त्यांना गच्चीवर नेलं आणि कॅमेरा हातात दिला. “नव्या डोळ्याने चामुंडीचा डोंगर बघा, मामा. माझ्या भिंगातून.”

अप्पांनी डोळा लावला. कॅमेरा जरा पुढे-मागे करून पाहिला.

“मंजु मंजु दिसतंय,” ते हळूच म्हणाले. “धुकं पडलंय काय?”

आभाळ लख्ख होतं.

“बघू,” म्हणून मी डोळा लावला. “मला तर पायऱ्यासुद्धा दिसतायत.” ही साक्ष मी आपण होऊन दिली. कॅमेरा निर्दोष सुटला आणि डोळा अडकला.

वीणा धावत वर आली. तिने चष्मा काढून आत पाहिलं. “मला चष्म्याशिवाय सगळंच असं दिसतं. माझं धरू नका,” म्हणाली आणि उशीर नको म्हणून अप्पांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घातले. थेंबांमुळे कॅमेऱ्याबाहेरचा डोंगरही गेला.

“डोळा गेला,” अप्पा म्हणाले. “दुसरा बेडा, नकोच. राहिलाय तेवढा राहू दे, मंगळवारी मी येत नाही.”

“अहो, तुम्हीच मागे लागला होता ना त्यांच्या?” वीणा मला म्हणाली. ती निळी बादली माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

तिघं रिक्षाने दवाखान्यात गेलो. माझ्या गळ्यात पुरावा म्हणून कॅमेरा होता. डॉक्टरीणबाईंनी अप्पांना तक्त्यासमोर बसवलं. थेंब तोवर ओसरले होते. अप्पांनी शेवटची ओळ घडाघडा वाचली आणि तक्ता पांढरा नसून किंचित हळदीकडे झुकलेला आहे, हेही बाईंच्या कानावर घातलं.

बाईंनी कॅमेरा मागितला. आत पाहिलं. चाकाला बोट लावलं, ते हललं नाही.

“हे इथे कुणी बसवलं?” त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

“मीच,” मी छाती काढून म्हणालो. “मला तिथेच स्वच्छ दिसतं.”

त्यांनी अप्पांना उठायला सांगितलं आणि ती खुर्ची मला दाखवली.

मला पहिली ओळसुद्धा दोनदा वाचावी लागली. थोड्या वेळाने निकाल लागला. कॅमेरा अगदी तरुण होता. मोतीबिंदू मला होता, दोन्ही डोळ्यांत, आणि उजवा वाढला होता. म्हणून तर माझ्या डोळ्याचा नंबर एका टोकाला पळाला होता आणि त्याच नंबरावर चिकटलेल्या चाकामुळे अप्पांच्या चांगल्या डोळ्याला धुकं दिसलं होतं. दोन संध्याकाळी मी चुकीची वस्तू घासत बसलो होतो.

अप्पांचा चेहरा उजळला. मंगळवारी येतो म्हणाले, वर बाईंना सांगून त्याच दिवशी माझंही नाव लावलं. मग माझ्याजवळ बसले आणि पाठीवर हात ठेवला.

“दहा मिनिटांचं काम, जावईबापू, अष्टे, एवढंच. मुंगी चावल्यासारखं. मोठ्या माणसांनी घाबरायचं नसतं.”

वीणा माझ्याकडे बघत होती. डॉक्टरीणबाईही बघत होत्या. मी हसायचा प्रयत्न केला, पण तोंडातून भलतंच निघून गेलं.

“पण मामा, मुंगी केवढी होती?”