तिखट सोडलेला माणूस

आमच्या वऱ्हाडात ठेच्याशिवाय भाकर खाणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर बुवा. मी तर वावरात दिवसभर राबत होतो, म्हणजे आजारी नव्हतोच. म्हणून मी तिखट सोडलं तेव्हा किन्हीराजातल्या आमच्या अख्ख्या गल्लीनं मला बुवा ठरवून टाकलं. सासुरवाडीला माझ्यापुरतं वेगळं, फिकं वरण व्हायचं. साळा सगळ्यांना सांगायचा, "भाऊजीचा मनावर लय ताबा हाय बावा!" आणि मी निर्लज्जासारखा मान डोलवायचो. फुकटचं कौतुक कोणाला नको असतं?

खरी गोष्ट अशी, की मिरचीचा नुसता कण जिभेला लागला तरी तोंडात आग पेटायची. जांभई अर्ध्यावर अडकायची. भाकरीचे बारके तुकडे करून वरणात भिजवल्याशिवाय घास जात नव्हता. पण हे सांगायचं कोणाला, आणि बुवापण घालवायचं कायले!

याचं मूळ खर्ऱ्यात होतं. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातांत घासून घोटायचा आणि गालात धरायचा. माझा आणि माझ्या धुऱ्याशेजाऱ्याचा खर्रा वीस वर्षं एकच. त्याचं वावर बांधाच्या तिकडं, माझं इकडं, मध्ये बाभूळ. तिच्याखाली बसून त्यानं घोटायचा आणि अर्धा मला द्यायचा. एकदा धुरा, म्हणजे हाच बांध, कोरण्यावरून आमचं तीन महिने बोलणं बंद होतं. तेव्हाही हा गडी अर्धी पुडी बाभळीच्या फांदीत अडकवून जायचा, आणि मी ती इमानदारीनं काढून खायचो.

बरं, आम्ही शहाणेही होतो. तंबाखू वाईट, हे ऐकून ऐकून पानठेलेवाल्याला सांगायला लागलो, "तंबाखू कमी टाक, सुपारी वाढव." व्यसन निम्मं सुटलं असं समजून दुप्पट खायला लागलो.

पुढं दाढ दुखली म्हणून वाशीमला दाताच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. बायको सोबत होती.

"तोंड उघडा," बाई म्हणाल्या.

"उघडलंच हाय."

त्या हसल्या नाहीत. तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला लावली. दोनच गेली, तीही कशीबशी. म्हणाल्या, गालाची आतली कातडी आवळत चालली आहे, आणि हे सुपारीचं काम आहे. गेलेलं तोंड फारसं परत येणार नाही; आहे तेवढं वाचवायचं तर आजपासून बंद. नाहीतर एक दिवस चमचा जाणार नाही, आणि कॅन्सर झाला तर मग बोलायलाच नको. मग विचारलं, "तिखट झोंबतं का?"

बायकोनं हळूच मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "अवो! अन् मी सगळ्या गावाले सांगून राह्यली, माह्या माणसाले सिद्धी भेटली!"

पहिला आठवडा काय सांगू! बैलावर ओरडलो, मोटरवर ओरडलो, पाहुण्यावरही ओरडलो. दहा वाजले की हात आपोआप एकमेकांवर घासायला लागायचे. बायकोनं हातात तुरीच्या शेंगा दिल्या, खिशात भाजलेली बडीशेप भरली. तरी इंझोरीच्या एका लग्नात कोणाच्या तरी पुडीतली चिमूट घेतलीच. घरी येऊन कबूल केलं, "पडलो वो."

"मंग उठा," ती म्हणाली आणि पीठ मळत राहिली.

शेजारी मात्र रुसला. "आता आमी वाईट काय? डॉक्टरीणबाईनं शिकवलं तुले!" मी तीन बोटांचं सांगितलं तर म्हणे, "माही बोटं जाडी हायत." बाभळीखाली यायचंच बंद केलं त्यानं. खरं सांगतो, मला खर्ऱ्याची आठवण कमी आणि त्याची जास्त यायची.

सोयाबीन काढायच्या दिवसात बायकोनं शेजाऱ्यालाही हाक मारून मजुरांच्या पंगतीत जेवायला बसवलं. झुणका, भाकर, ठेचा. त्यानं झुणका आणि ठेचा दोन्ही बाजूला सारले आणि ताकाची वाटी ओढली.

"भाऊजी, काहून?"

"म्या बी तिखट सोडलं, वयनी. मनावर ताबा पायजे माणसाचा!"

सगळे हसले. माझा घास तिथंच थांबला. तो भाकरीचे बारके तुकडे करून ताकात भिजवत होता. ते तुकडे मी चांगलेच ओळखत होतो. हात धुतला आणि त्याच्यासमोर जाऊन बसलो.

"तोंड उघड."

"कायले?"

"उघड लेका!"

माझं एकच बोट गेलं. दुसरं दातावरच अडलं.

"कवापासून?"

तो खाली पाहत म्हणाला, "तुह्या आधीपासून."

इतका राग आला मला, की दोन शिव्या हासडल्या. तिसरी तोंडातून निघेना, कारण रडू यायला लागलं होतं. वीस वर्षं अर्धा-अर्धा खाल्ला, आणि हे तेवढं त्यानं एकट्यानं ठेवून घेतलं होतं.

"सकाळच्या गाडीनं वाशीम. तयार राह्यजो," मी म्हणालो.

सकाळी तो माझ्याआधी स्टँडवर उभा होता. गाडीत खिडकीशी बसला. हात एकमेकांवर घासत होता. मी खिशातली बडीशेप काढली आणि अर्धी त्याच्या तळहातावर ठेवली.