सुखदेव आणि पुलापलीकडचं नेट

सुखदेव गेल्याची बातमी मला मोबाइलवर कळली. आमच्या जुन्या शाळेच्या गटावर त्याच्या गावच्या, बपेऱ्याच्या, कुणीतरी त्याचा फोटो टाकला होता आणि खाली मातीला किती वाजता निघणार ते लिहिलं होतं. थोड्याच वेळात तुमसरपासून नागपूरपर्यंतच्या सगळ्यांनी आपापले जोडलेले हात पाठवून दिले. त्या दिवशी नेट चालू होतं... उत्तम चालू होतं.

आम्ही दोघं तुमसरच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. मी पुढे पुस्तकांच्या नादी लागून कॉलेजात शिकवू लागलो, तो मॅट्रिकनंतर बपेऱ्याला आपल्या धानाच्या बांध्यांकडे परत गेला. मैत्री मात्र सुटली नाही. सत्कार, शाली, उद्घाटनाच्या कात्र्या यांची टिंगल करणं हा माझा जन्माचा धंदा, आणि सुखदेव हा माझा सगळ्यात वाईट श्रोता. त्याचा सरकारवर विश्वास होता. एखाद्याचा लांबच्या श्रीमंत मामावर असतो तसा; मामा कधी येत नाही, पण आला तर रिकाम्या हातानं येणार नाही. "तुले सगळ्यातच खोट दिसते गा," तो म्हणायचा. "सरकार का आपला दुश्मन हाय?" मी हसायचो. आता हसू येत नाही.

गोष्ट तशी लहान आहे. त्याची नात काजल बारावी झालेली. आईबाप कामासाठी रायपूरला, पोरगी आजी-आजोबांजवळ वाढलेली. गेल्या हंगामात तिला सरकारी कॉलेजात नर्सिंगची जागा लागली. पण जागा लागली म्हणजे मिळाली असं नसतं. ती स्वीकारल्याचं ठरलेल्या दिवशी संध्याकाळपर्यंत संकेतस्थळावर कळवावं लागतं. मुदत मुळातच तोकडी. त्यात आदल्या दिवशी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला कुठल्याशा मिरवणुकीत दगड पडले, आणि अफवा पसरू नयेत म्हणून अख्ख्या जिल्ह्याचं इंटरनेट बंद करण्यात आलं. अफवेला नेट लागत नाही, तिला एक पानठेला पुरतो. नेट लागतं ते रेशनच्या अंगठ्याला, रोजगार हमीच्या हजेरीला आणि काजलच्या जागेला. ते सगळं थांबलं. अफवा चालू राहिल्या.

बपेऱ्याच्या लोकांना अशा वेळची वाट ठाऊक आहे. गावापुढे नदी, नदीवर पूल, आणि पुलापलीकडे मध्यप्रदेश. तिथल्या टॉवरवर आपल्या जिल्ह्याची शांतता राखण्याची जबाबदारी नसते. म्हणून नेट गेलं की गावातले शिकलेले सगळे पूल ओलांडून पहिल्या चहाटपरीवर गोळा होतात. टपरीवाला म्हणतो, "आ गया महाराष्ट्र. चाय पियो, नेट हमारी तरफ से." सुखदेव आणि काजलही त्या दुपारी पायी निघाले. निघताना सुखदेवनं आपला बटणांचा फोन घरीच खुंटीला टांगून ठेवला. बायको, अनसूयाबाई, म्हणाल्या, "घेऊन जा ना." तर हा म्हणतो, "नेटच बंद हाय त त्या डबड्याले कायले फिरवाचं?" त्या फोनचा आणि नेटचा जन्मात संबंध आला नव्हता. पण गावात सगळे 'फोन बंद हायेत' असंच बोलत होते, आणि सुखदेव सगळ्यांवर विश्वास ठेवायचा.

पुढचं मला काजलनं सांगितलं. टपरीवर तिच्या फोनवर पान उघडलं, सगळं भरून झालं, आणि शेवटी संकेतस्थळानं खात्रीसाठी ओटीपी पाठवला. तो गेला अर्जातल्या नंबरवर. अर्जात नंबर आजोबांचा होता, कारण पोरीचं सिम बदलत राहायचं आणि त्यांचं कायम होतं. तिनं लगेच घरी फोन लावला. साधे फोन लागत होते.

"आजी, फोनात आकडे आले असतीन. वाच."

"मले कुठं वाचता येते व माय? हिरवं दाबलं का बोलाचं, लाल दाबलं का ठेवाचं. तेवढंच येते."

"मंग कोनाले तरी दाखव ना."

"कोनाले दाखवू? वाचनारे सारे तिकडंच गेले ना पुलावर."

तरी ती बाई फोन घेऊन गल्लीभर फिरली. धान कापणीचे दिवस, घरंच्या घरं रिकामी. एक म्हातारा भेटला, त्याला चष्मा सापडेना. घाईत तिच्या हातून लाल बटण दाबलं गेलं आणि पडद्यावरचे आकडे गेले. ओटीपीची वेळ संपली. दुसरा मागवला, तोही संपला. तिसऱ्यानंतर संकेतस्थळानं नम्रपणे कळवलं की आपण वारंवार प्रयत्न केला आहे, उद्या पुन्हा या. उद्या मुदतच नव्हती. सुखदेव कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून घरी पोचला तेव्हा तिन्ही आकडे त्याच्या फोनात व्यवस्थित येऊन पडलेले होते.

तो माझ्याकडे आला. जागा परत मिळावी म्हणून मी अर्ज लिहून दिला. 'हक्क' हा शब्द व्यासपीठावरून ऐकला की मला जांभई येते. त्या अर्जात मी तो चार वेळा लिहिला आणि एकदाही हसलो नाही. प्रवेशाच्या कार्यालयानं सांगितलं, नेट बंद असल्याचा आदेश जोडा. आदेशासाठी ज्या कार्यालयात गेलो तिथला साहेब सभ्य होता. त्यानं खुर्च्या दिल्या.

"आदेश संकेतस्थळावर टाकलेला आहे," तो म्हणाला.

"बंदीच्या काळात?"

"हो. लोकांना माहीत असावा म्हणून."

आम्ही शोधला, सापडला नाही, असं मी सांगितलं. मग तक्रार करा, म्हणाला, ऑनलाइन सोय आहे. आणि उठता उठता हेही सांगितलं की जिल्ह्यात शांतता अबाधित राहिली. जिना उतरताना सुखदेव कठड्याला धरून थांबला. मग म्हणाला, "शांतता त आमच्या गावात आधीच होती गा. ह्यानं कोनती आनली?" सरकारबद्दल त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच वाकडं वाक्य. जागा तोवर यादीतल्या पुढच्या मुलीला गेली होती.

मला वाटलं, आता तरी हा चिडेल. चिडला नाही, आणि तेच मला सोसत नाही. "फोन मीच घरी ठेवला गा. सरकारनं का सांगितलं होतं ठेवाले?" हे एकच तो घोकत बसला. अनसूयाबाई म्हणायच्या, चूक माझी, मी अडाणी. सगळ्या जिल्ह्याचं तोंड बांधणाऱ्याचं नाव आजही आम्हाला माहीत नाही, आणि बपेऱ्यात दोन म्हातारी माणसं तो गुन्हा आपसात वाटून घेत होती. थंडीत एका सकाळी शेकोटीजवळ बसल्या बसल्या तो कलंडला. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. बरोबरच असेल. नेट बंद केल्यानं माणूस मरतो असं मीही म्हणत नाही. तसा कुठला रकाना नाही.

तेरवीनंतर काही दिवसांनी त्याच्या घरी गेलो. काजल आता तुमसरला कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालते. त्या दिवशी सुटी होती म्हणून घरी होती. "बरं हाय जी," म्हणाली. तिनंच सांगितलं, शेवटचे काही आठवडे तिचे आबाजी रोज सांजेला अंगणात वाळत घातलेल्या धानावर बोटानं आकडे काढायचे आणि आजीकडून वाचून घ्यायचे. चार आणि सातात ती चुकायची, मग आबाजी धान सारखं करून पुन्हा काढायचे. कशासाठी, हे दोघांपैकी कुणी कुणाला विचारलं नाही.

आम्ही बोलत असताना सुखदेवचा तो बटणांचा फोन वाजला. अनसूयाबाईंनी पदराच्या गाठीतून तो काढला, लांब धरला आणि एकेका आकड्यावर थांबत आलेला नंबर वाचू लागल्या. "आठ... शून्य... चार... सात... सात..." काजल म्हणाली, "जाहिरात होय आजी." त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचलं. मग फोन माझ्यापुढे धरला.

"बराबर वाचलं ना जी?"

मी पाहिलं. एकही आकडा चुकला नव्हता.