पालकांनी बाहेर थांबायचं

मंडळी, आज सकाळी शेजारची सुनीता म्हणाली, "काकी, दोन पोरांची आई मी. आता दहावीला बसले तर लोक हसतील."

मग तिला माझं सांगितलं. सत्तरच्या दशकात, इथेच घाटकोपरला, सात महिन्यांची गरोदर असताना मी बाहेरून मॅट्रिकला बसले. गेटवर शिपायाने अडवलं. "बाई, पालकांनी बाहेर थांबायचं."

"पालक नाही, परीक्षेला आलेय!" हॉल तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं आणि आत शिरले. पोट बाकात मावेना, म्हणून आडवी बसून पेपर लिहिला.

गणितात नापास झाले. बाळाला सासूबाईंकडे ठेवून पुन्हा बसले, पास झाले.

सुनीता म्हणाली, "फॉर्म कुठे मिळतो?"

उद्या दोघी आणायला जातोय. तुमच्यातलं कोण येतंय?