फुकटाचं नाणं

आमची सून ओट्यावर बसून मोबाइलवर बोट आपटत असते. काच तशीच गुळगुळीत राहते.

"मामंजी, दर तासाला नुसतं बोट लावलं की फुकट क्रिप्टो मिळतं, मोबाइलातलं नाणं. थोडंसंच, पण पैसाच की. तुमच्या नावानं उघडू खातं?"

मी पाथरवट. झिजलेल्या पाट्यांना टाकी लावत गावोगाव हिंडलो. कुणाच्या दारी पाणी प्यायचं, तर आधी त्यांच्या पाट्यावर चार घाव फुकट घालायचे, ही आमची रीत. शाळा दोन यत्ता, पण नाव राखलं. ते आता फुकट्यांत घालू? देणाऱ्याचं तोंड दिसत नाही, घेणाऱ्याला घाम नाही. ही भीकच.

"माझ्या नावाला हात लावू नकोस," म्हणालो. रागानं घसा कोरडा पडला. तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

मी उठलो, तिच्या पाट्याला टाकी लावली, मगच प्यालो.