कपाटामागची वायर आणि लाल दिवा

कार्ल्याच्या मावशींकडची इंटरनेटची वायर मीच कपाटामागे काटकोनात मुडपून खिळ्याने पक्की केली होती. आतली काचेची तार अशी मुडपली की प्रकाश पुढे जात नाही, हे मला ठाऊक होतं. घाई होती. नेट गेलं तेव्हा मी दोष बायकोवर ढकलला.

लोणावळ्यापासून वडगावपर्यंत घरोघरी फायबर जोडून देणं हा आमचा धंदा. जोडणी माझी, तक्रारींचे फोन तिचे. मी ओएनटी, पॉन, एलओएस असे शब्द फेकायचो. ते ऐकून गिऱ्हाईक गप्प बसायचं. तिने अर्थ विचारून विचारून माझं डोकं खाल्लं आणि लोकांसाठी आपले शब्द काढले. ओएनटी म्हणजे भिंतीवरची पेटी. पॉनचा हिरवा दिवा म्हणजे पेटीपर्यंत उजेड पोचतोय. एलओएसचा लाल दिवा म्हणजे उजेड वाटेत अडलाय. बँडविड्थ विचारली की म्हणायची, "पाइप तेवढाच आहे आबा, घरात सगळ्यांनी एकदम नळ सोडला तर धार बारीकच येणार."

मावशी पर्यटकांना खोल्या देतात. एका शनिवारी त्यांच्या पेटीवर लाल दिवा लागला. हिने फोनवर सांगितलं, "वायर कुठे मुडपलीय का बघा. ओढू नका, नुसतं बघा."

मी पोचलो तेव्हा पाहुणे बॅगा गाडीत टाकत होते. खंडाळ्याच्या हॉटेलात नेट होतं म्हणे.

"का गेलं रं नेट?" मावशींनी विचारलं.

मी कपाट सरकवलं. माझाच खिळा दिसला. तो गुपचूप उपटून वायर सरळ केली आणि म्हणालो, "हिच्या सांगण्यावरून वायरीला हात लावलात ना? आमच्या हिला काय कळतंय त्यातलं."

मावशींनी तिथूनच हिला फोन लावला. "तुजं ऐकलं आन् पावणं गेलं."

तिला ते खरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने फोन माझ्यापुढे ठेवला. "माझ्यामुळे कुणाचं नुकसान नको," एवढंच म्हणाली.

मग फोन मी घेऊ लागलो. एका आबांना म्हणालो, "एलओएस लागलाय का बघा."

"त्ये काय आसतं? वैनींना द्या."

"त्या कामात आहेत."

"मग थांबतो मी. मला कुटं जायचं न्हाई."

लाज वाटायला हवी होती, पण आधी तिचा अभिमानच वाटला. वडगावच्या बाजारात तर एक दुकानदार शेजाऱ्याला समजावत होता, "हिरवा असला तर पेटी बंद करून चालू कर. लाल असला तर उजेड वाटेत अडलाय, वैनींना फोन लाव." शब्द तिचे, बोलायची ढबही तिचीच. इतकी वर्षं मी गावोगाव वायर नेली. लोकांना त्यातलं कळू लागलं ते तिच्यामुळे. आणि तीच आता फोनला हात लावत नव्हती.

संध्याकाळी तिला गाडीवर बसवून मावशींकडे नेलं. कपाट पुन्हा सरकवलं. खिळ्याचं भोक भिंतीत तसंच होतं.

"मावशी, वायर मी मुडपली होती. हिचं सांगणं बरोबर होतं. मला कळलं होतं, तरी खोटं बोललो."

मावशींनी कपाळाला हात लावला. "आन् मी हिला बोलले. त्या दिशी जीभ कुटं गेलती तुजी?"

मी बायकोकडे वळलो. घरी, कुणी नसताना बोलणं सोपं होतं. पण तिला कमी लेखलं होतं ते इथे.

"हिला काय कळतंय, असं मी इथे म्हणालो. तुला कळत होतं. चूक माझी होती. मला माफ कर."