युनूसभाईंची नजर

दारात कुठलीही गाडी आली की युनूसभाई आधी गाडीकडे बघत नसत, आणणाऱ्याकडे बघत आणि विचारत, "याले कोनं हात लावला?" मोटारसायकल असो, फवारणीचा पंप असो, पहिला प्रश्न हाच. कोणी ओशाळून म्हणालं, की चाचा, मीच जरा खोलून पाहिलं होतं, तर रागावत नसत. "बरं झालं सांगतलं, माहा अर्धा दिवस वाचला," म्हणत आणि पाना उचलत. कोणी म्हणालं, हात लावलाच नाही, तर तेही तितकंच खरं धरत. एकदा विचारलेलं पुन्हा विचारत नसत. त्यांचं सगळं काम असं गिऱ्हाइकाच्या शब्दावर चालायचं. मी हे खात्रीनं सांगतो, कारण त्यांना खोटा शब्द देणारा मी आहे.

कामरगावात स्टँडच्या पुढे टिनाच्या शेडमध्ये त्यांचं दुकान होतं. मी तिथल्याच हायस्कुलात विज्ञान शिकवायचो आणि शाळा सुटल्यावर जुन्या टायरवर बसून त्यांचं काम बघायचो. मला यंत्रांची हौस होती, म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ बघण्याइतकी. ते मात्र स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनाला लावत, मूठ कानाशी धरत आणि डोळे मिटून घेत. मग सांगत, कोणता वॉल्व्ह वाजतो ते. "इंजिन थापा मारत नाई सर. थाप आयकू आली तं समजा मानसानं मारली," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. मी पोरांना हे वाक्य वर्गात सांगायचो, तेही फळ्यासमोर छाती पुढे काढून.

माझा मेहुणा सुधाकर यानं कारंजा रोडवरच्या शेतात पर्यटन केंद्र काढलं होतं. हुरडा, झुणका-भाकर, बैलगाडी, आणि शहरातल्या पोरांसाठी नागपूरहून आणलेली एक जुनी एटीव्ही. गावात तिला चार चाकांची फटफटी म्हणत. कोणीतरी ती ऑइल नसताना दामटली आणि पिस्टन जाम झाला. सुधाकर ती शहरात नेणार होता. मीच म्हणालो, आमचे युनूसभाई असताना शहर कशाला? युनूसभाईंनी असली गाडी जन्मात पाहिली नव्हती. तिच्याभोवती एक चक्कर मारून ते हसले. "चाकं चार हायेत सर, पन दिल एकच हाये. एका पिस्टनचं."

दिवाळीची सुट्टी होती, त्यामुळे मी रोज टायरवर. सिलिंडर आतून घासून बोअर झालं, नवीन पिस्टन बसला, त्यावर हेड चढलं. शुक्रवारी दुपारी त्यांनी टायमिंग लावलं. इंजिनातलं खालचं चाक आणि वरचं चाक एका साखळीनं जोडलेलं असतं. दोन्हींवरच्या खुणा जुळल्या तरच झडपा वेळेवर उघडतात. खुणा जुळवून त्यांनी मला मुद्दाम दाखवल्या. साखळी ताणून धरणारा भाग बसवायचा राहिला होता, तेवढ्यात नमाजची वेळ झाली. हात धुताना म्हणाले, "नमाज करून येतो. याले हात नोका लावजा."

ते गेले आणि मी पाना घेतला. पिस्टन वर येतो कसा, एवढंच मला बघायचं होतं. खालच्या चाकाला दोन फेरे दिले आणि आत कट्ट असा आवाज झाला. मी घाबरून खालची खूण होती तिथं आणून ठेवली. वरच्या चाकावरच्या खुणेचा ठिपका मला जवळपास जागेवर वाटला. जवळपास! वर्गात मोजमापाच्या चुकीचे मार्क कापणारा मी.

युनूसभाई आले, रुमालानं तोंड पुसलं आणि सहज विचारलं, "हात तं नाई लावला ना?" मी म्हणालो, छे. विचार करून नाही म्हणालो असंही नाही. पोरं जशी सरांसमोर पटकन नाही म्हणतात, तसंच निघून गेलं. त्यांनी राहिलेला भाग बसवला आणि कव्हर बंद केलं.

गाडी सुरू होईना. रविवारी अकोल्याची मंडळी येणार होती आणि सुधाकरनं त्यांना या गाडीचेच फोटो पाठवले होते. युनूसभाईंनी प्लग काढून स्पार्क बघितला, निळा आणि जोरकस होता. पेट्रोल बदललं. कार्बोरेटर दोनदा धुतला. ब्रेकचा स्विच, बंद करायचा स्विच, वायरी, सगळं पालथं घातलं. शनिवारी दुपारी प्लगच्या भोकावर अंगठा धरून ते म्हणाले, दाब कमी लागतो. चमचाभर ऑइल आत सोडून पाहिलं, दाब वाढला नाही. म्हणजे पिस्टनच्या रिंगा चांगल्या, गडबड झडपांची.

त्या क्षणी मला सगळं कळलं: तो कट्ट आवाज साखळी दातांवरून घसरल्याचा होता. तोंड उघडायला तीच वेळ होती. त्याऐवजी मी अगदी निरागसपणे विचारलं, टायमिंग तर नसेल? ते म्हणाले, "टायमिंग मी लावलं, अन् तुमी जवळ बसले होते. थे कायले खोलाचं?" मी मान डोलावली आणि चहा मागवला.

रविवारी पाहुणे आले, बैलगाडीत बसून गेले. सोमवारी सुधाकर चारपाच जणांना घेऊन दुकानावर आला आणि आवाज चढवून बोलू लागला. तेव्हा युनूसभाईंनी शेवटी कव्हर खोललं. ठिपका दोन दात मागे होता. त्यांनी दात बोटानं मोजले, चष्मा पुसून पुन्हा मोजले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शंका यायला आधी मनात जागा लागते, ती त्यांच्या मनात नव्हतीच. उभे राहून सगळ्यांसमोर म्हणाले, "माह्या हातून झालं. नजर चुकली."

सुधाकर म्हणाला, चाचा, आता पाना खाली ठेवा आणि नातवंडं खेळवा. लोक हसले. मी टायरवर बसून होतो. माझ्या एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य माझ्या तोंडात होतं.

युनूसभाईंनी खुणा पुन्हा जुळवून कव्हर लावलं. काम झाल्यावर पहिल्यांदा गाडी मालकानं सुरू करायची, ही त्यांच्या दुकानाची रीत. त्या दिवशी त्यांनी मला पुढे केलं. "सरच्या हातानं होऊ द्या. तीन दिवस माह्यासंगं बसले बिचारे." मी बटण दाबलं. गाडी लगेच सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी हसलो. ते हसू आठवलं की आजही मला मान वर करवत नाही.

त्यानंतर युनूसभाईंनी इंजिन खोलणं बंद केलं. पंक्चर, चेन, ब्रेक, बस. तीस वर्षांची गिऱ्हाइकं पंप घेऊन येत आणि ते त्यांना कारंजाला पाठवत. म्हणत, आता नजर राहिली नाही. मी सांगायला अनेकदा गेलो. कधी गिऱ्हाईक असायचं, कधी त्यांची तब्येत बरी नसायची, कधी ते फार खुशीत असायचे. भित्र्या माणसाला कारणांचा तोटा नसतो. दोन वर्षांनी एका हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि ते गेले.

आठवड्यानं त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी, राबियाभाभी, ओसरीत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पाना, तो आवाज, माझं छे. त्यांनी कोनाड्याकडे बोट केलं. तिथं डोळ्यांत घालायच्या औषधाच्या पाचसहा रिकाम्या बाटल्या होत्या.

"दोन साल दवा टाकत होते," त्या म्हणाल्या. "अमरावतीचा डाक्टर म्हने, चाचा, डोये साफ हायेत. तं मले म्हनत, डाक्टरले काय समजते, मले इंजिनानं सांगतलं."

मी एक बाटली उचलून परत ठेवली.

"म्हंजे डोये चांगले होते त्यायचे," भाभी म्हणाल्या.

मी हो म्हणालो.

"थे त्यायले सांगाचं होतं, सर."